पावशेराचे अर्थशास्त्र

आमच्या गावच्या दुकानात आजही कोणी "अडीचशे ग्रॅम साखर द्या" असे म्हणत नाही. "पावशेर साखर द्या" असेच म्हणतात. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात रुळली, आणि शेर इतिहासजमा झाला. पावशेर मात्र राहिला. तो का राहिला, याचा विचार मी कधी केला नव्हता. एका महिन्याच्या हिशेबाच्या वहीने तो करावयास लावला. त्या वहीतून जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सर एंगेलचा नियम शिकवीत होते. एर्न्स्ट एंगेल हा जर्मन संख्याशास्त्रज्ञ. त्याने १८५७ साली असे दाखवून दिले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. सरांनी आपल्या देशाचे आकडेही फळ्यावर लिहिले. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबांच्या खर्चात सुमारे ४० टक्के आढळला. मग सर म्हणाले, "नियम पाठ करू नका. आपापल्या घरचा महिनाभराचा किराणा लिहून काढा."

मी एक दोनशे पानी वही घेतली आणि रोज संध्याकाळी आईच्या पिशवीतून जे निघेल ते वजन आणि किंमत यांसह लिहू लागलो.

वहीने काय दाखविले

आमचे घर चार माणसांचे. आई शेतात मजुरीला जाते आणि तिचा रोज ३०० रुपये आहे. वडिलांचे काम हंगामी आहे. घरी प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आहे. तिच्यावर माणशी ५ किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यामुळे धान्याची मोठी चिंता नसते. रोख पैसा जातो तो तेल, डाळ, साखर, चहापूड, शेंगदाणे यांवर, आणि या वस्तू आई मजुरी हातात पडली की रोजच्या रोज आणते.

महिना संपल्यावर मी प्रत्येक वस्तूचा दर काढला. तेलाची २०० मिलिलिटरची पिशवी ३५ रुपयांना, म्हणजे लिटरला १७५ पडले. त्याच तेलाची लिटरची पिशवी १४८ ला होती. चहाची १० रुपयांची पुडी २० ग्रॅमची, म्हणजे किलोला ५०० रुपये. तोच चहा पाव किलोच्या पाकिटात ९५ ला, म्हणजे किलोला ३८०. तूरडाळ पावशेर ३४ ला, किलोने १२६ ला. साखर पावशेर १२ ला, किलोने ४४ ला. शेंगदाणे पावशेर ३८ ला, किलोने १४०.

आता महिन्याचा खप मांडला. तेल ३ लिटर, तेथे ८१ रुपये जास्त गेले. चहा ६०० ग्रॅम, तेथे ७२. डाळ ३ किलो, तेथे ३०. साखर ५ किलो, तेथे २०. शेंगदाणे २ किलो, तेथे २४. एकूण २२७ रुपये. वर्षाचे २,७२४ रुपये. आईच्या मजुरीने भागले तर नऊ दिवस. याचा अर्थ, वर्षातील नऊ दिवस आई केवळ पुड्या लहान असल्यामुळे खुरपते.

मी वही सरांना दाखविली. सरांनी सांगितले की अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ साली न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांच्या खरेदीवर एक पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'द पुअर पे मोअर' असे आहे. गरीब जास्त मोजतात. मला वाटले, रोग सापडला, आता औषध सोपे आहे. औषध म्हणजे "एकदम घ्या, मोठे पाकीट घ्या". गृहिणींसाठीच्या सदरांत हेच तर लिहिलेले असते.

फसलेला प्रयोग

'कमवा आणि शिका' योजनेचे माझे पैसे आले होते. त्यातून मी महिन्याचा किराणा एकदम भरला. तेलाच्या लिटरच्या तीन पिशव्या, चहाची पाकिटे, पाच किलो साखर. आईला म्हटले, "आता महिनाभर दुकानाची पायरी चढायची नाही." आई काही बोलली नाही.

तेल बाविसाव्या दिवशी संपले. उरलेल्या आठ दिवसांसाठी पुन्हा लहान पिशव्याच आणाव्या लागल्या. चार पिशव्यांचे १४० रुपये आणि आधीचे ४४४, मिळून ५८४. रोजच्या पद्धतीने महिन्याला पंधरा पिशव्या लागत, त्यांचे ५२५ होत. म्हणजे लिटरमागे २७ रुपये वाचवून मी शेवटी ५९ रुपये जास्त घालविले. साखरेचेही तेच झाले. डबा भरलेला आहे हे शेजारी कळले आणि वाटीभर साखर दोनतीनदा उसनी गेली. उसनी साखर परत येतेच, पण ती तिच्या सवडीने येते. त्यातच धाकट्या बहिणीला ताप आला, तेव्हा डॉक्टरांना द्यायला रोख पैसे नव्हते. ते डब्यांत जाऊन बसले होते.

मी आईला विचारले, असे का झाले? ती म्हणाली, "आरं, डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो. पिशवी बारकी असली की हात आपोआप आखडतो." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पगारदाराचा पगार महिन्याला येतो, त्यो महिन्याचं भरतो. आपला पगार रोज सांजच्याला येतो. मग बाजार बी सांजच्यालाच."

माझ्या बावीस दिवसांच्या हिशेबात जे नव्हते ते या दोन वाक्यांत होते. आपली खरेदीची रीत आपल्या आवडीनिवडीने ठरत नाही. ती बहुतेक वेळा घरात पैसा कोणत्या तालाने येतो यावरून ठरते. म्हणून काटकसरीचा एकच उपाय सर्वांना लागू पडत नाही. आधी आपण कोणत्या रीतीचे गिऱ्हाईक आहोत ते ओळखावे, आणि त्या रीतीच्या आतच पैसा कोठे गळतो ते शोधावे. पुढे मी वर्गमित्रांच्या घरांतही विचारपूस केली. त्यावरून मला चार मुख्य रीती दिसल्या.

पहिली रीत : रोज आणणारे

या घरांनी सर्वच वस्तू एकदम घेणे अशक्य आहे आणि शहाणपणाचेही नाही. पण वस्तूवस्तूंत फरक असतो. काही वस्तू घरात जास्त असल्या म्हणून जास्त खपत नाहीत. डाळ, मीठ, हळद, कपड्यांचा साबण या अशा वस्तू आहेत. डब्यात तीन किलो डाळ आहे म्हणून कोणी दुप्पट आमटी करीत नाही. या वस्तू जमेल तेव्हा किलोने घ्याव्यात. तेल, साखर, चहा, शेंगदाणे, बिस्किटे या दुसऱ्या जातीच्या वस्तू. त्या दिसल्या की खपतात. त्या मोठ्या पाकिटात घ्यायच्या असतील तर घरी त्यांची पुन्हा लहान पुडी बांधावी लागते. आम्ही आता लिटरची पिशवी आणतो, पण चुलीजवळ लहान बाटली ठेवतो आणि एक दिवसाआड तीत २०० मिलिलिटरच ओततो. बाकीचे तेल वरच्या फळीवर. दर मोठ्या पिशवीचा आणि आखडता हात बारक्या पिशवीचा, असे दोन्ही साधते.

येथे एक सावधगिरी सांगतो. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असे नाही. आमच्या दुकानात शाम्पूची ६ मिलिलिटरची पुडी २ रुपयांना मिळते, म्हणजे १०० मिलिलिटरला सुमारे ३३ रुपये. तशाच शाम्पूची १८० मिलिलिटरची बाटली १४४ ला, म्हणजे १०० मिलिलिटरला ८०. येथे आईची पुडी शहाणी आणि माझी बाटली मूर्ख ठरली. म्हणून प्रत्येक वेळी भागाकार करावा.

दुसरी रीत : आठवडी बाजार करणारे

आमच्या तालुक्यात बहुतेक शेतमजूर आणि लहान शेतकरी या रीतीचे. बाजाराच्या दिवशी मजुरी चुकती होते आणि त्याच दिवशी भाजीपाला, मिरची-मसाला, लसूण घरी येतो. या रीतीत पैसा दोन ठिकाणी गळतो.

पहिले ठिकाण वेळ. सकाळी माल निवडक आणि दर चढा असतो. बाजार उठताना विक्रेत्याला पालेभाजी परत न्यायची नसते, म्हणून जुडीचा दर उतरतो. तेव्हा जो माल आठवडाभर टिकवायचा, तो निवडून सकाळी घ्यावा. जी भाजी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी शिजवायची, ती संध्याकाळी घ्यावी. 'दहाला वाटा' असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. एकदा दोन वाट्यांचे टोमॅटो काट्यावर ठेवून पाहावेत, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज येतो.

दुसरे ठिकाण नासाडी. मेथी चौथ्या दिवशी पिवळी पडली तर ती कितीही स्वस्त मिळालेली असो, महागच पडली. यासाठी आठवड्याचा क्रम लावावा. पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग वांगी, गवार, दोडका, त्यानंतर कोबी आणि बटाटा, आणि शेवटचे दोन दिवस मोड आलेली मटकी, पिठले, आमटी. आमच्या आज्यांना हा क्रम न लिहिता ठाऊक होता. आपण तो विसरतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा भाजीला पैसे मोडतो.

तिसरी रीत : महिन्याची यादी करणारे

शिक्षक, कारकून, कारखान्यातील कायम कामगार यांची ही रीत. पहिल्या आठवड्यात यादी दुकानात जाते आणि माल घरपोच येतो. ही रीत स्वस्त आहे, पण यादी जुनी झाली की महाग पडते. माझ्या एका मित्राच्या घरी गेल्या महिन्याचीच यादी पुढे चालू असते. त्याच्या आईने कपाट आवरले तेव्हा कॉर्नफ्लॉवरचे तीन पुडे आणि मोहरीचे चार निघाले. यादी करण्यापूर्वी डबे उघडून पाहावेत आणि काय उरले ते यादीच्या मागच्या बाजूस लिहावे. तीन महिन्यांत घरचा खरा खप कळतो.

या रीतीचेच दुसरे रूप म्हणजे खाते, म्हणजे उधारीची वही. येथे हिशेब जरा बारकाईने करावा लागतो. आमच्या शेजारच्या काकूंची यादी रोखीने २,००० ची होते. खात्यावर तीच २,०८० ला पडते, कारण दुकानदार प्रत्येक वस्तूवर रुपया दोन रुपये वाढवून लावतो. महिन्याला ४ टक्के, वर्षाचे ४८ टक्के. काकूंच्या बचत गटात महिन्याला २ टक्क्यांनी कर्ज मिळते. गटातून २,००० घेऊन रोखीने किराणा भरला तर व्याज ४० रुपये होईल आणि वाचतील ८०. हा हिशेब मी काकूंना मोठ्या उत्साहाने सांगितला.

त्या हसल्या. म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात दीड महिना काम नव्हतं, तेव्हा त्याच दुकानदारानं माल दिला. गट हप्ता मागत होता." मग माझ्या लक्षात आले की ते वरचे ८० रुपये नुसते व्याज नाही. त्यात पुढच्या अडचणीचा विमाही आहे. म्हणून खाते एकदम बंद करा असे मी म्हणणार नाही. रोख पैसा असेल त्या महिन्यात अर्धी यादी रोखीने आणि अर्धी खात्यावर घ्यावी. खातेही जिवंत राहते आणि गळतीही निम्मी होते. मात्र वहीतील नोंद आपल्यासमोर व्हावी आणि दराचा आकडा आपणही लिहून ठेवावा.

चौथी रीत : वर्षाची बेगमी करणारे

सुगी झाली की वर्षाचे धान्य भरून ठेवणे ही आपल्याकडची जुनी रीत. तुरीचा नवा माल डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो, हरभरा आणि शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. माल बाजारात येतो तेव्हा दर बहुधा उतरतो आणि पावसाळ्यानंतर चढतो. या काळात ज्याच्याकडे पैसा आणि जागा आहे त्याला फायदा होतो.

पण येथेही खर्च लपलेला आहे. समजा, मार्चमध्ये एक क्विंटल ज्वारी ३,८०० ला घेतली आणि दिवाळीच्या सुमारास तिचा भाव ४,५०० झाला. फायदा ७०० दिसतो. पण त्यातील दहा किलो ज्वारीला कीड लागली तर ४५० रुपये तेथेच गेले, आणि ३,८०० रुपये सहा-सात महिने अडकून पडले ते वेगळेच. म्हणून बेगमी करणाऱ्याची खरी काटकसर खरेदीत नसून राखणीत आहे. धान्य कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर भरणे, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, डाळीला एरंडेलाचा हात लावणे, कडधान्याला राख चोळणे, पत्र्याची कोठी जमिनीपासून वर ठेवणे, ही कामे आजीच्या हाताखाली शिकून घ्यावीत. ज्यांच्या घरी ओल येते त्यांनी चार महिन्यांपेक्षा जास्त भरू नये.

मोठे दुकान आणि सवलती

या चारही रीतींचे लोक हल्ली अधूनमधून शहरातील मोठ्या दुकानात जातात किंवा मोबाइलवरून माल मागवितात. तेथील दर पुष्कळदा खरोखरच कमी असतात. पण दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली, खेपेचा खर्च. शहर आमच्यापासून एसटीने ४० रुपयांवर आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे असल्यामुळे आईला जाऊन येऊन ४० पडतात. १२० रुपये वाचले तर ८० हाती राहतात. पण त्यासाठी मजुरीचा खाडा झाला तर ३०० गेले. म्हणून अशी खेप दुसऱ्या कामाला जोडूनच करावी.

दुसरी गोष्ट, पिशवीत न ठरवता आलेला माल. 'एकावर एक मोफत' पाहून जी वस्तू घेतली ती आपल्या यादीत होती का, एवढेच विचारावे. नसेल तर ती मोफत नाही. मोबाइलवर मागविताना घरपोचीचा आकार आणि तो टाळण्यासाठी वाढवलेली खरेदी ही दोन्ही खर्चातच धरावीत.

सर्वांना उपयोगी पडणारे चार हिशेब

एक. पाकिटाची किंमत न पाहता दर पाहावा. आता पाकिटांवर छापील किमतीबरोबर एकक विक्री किंमतही असते. तीत एक मेख आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती ग्रॅममागे असते आणि मोठ्या पाकिटावर किलोमागे. ०.३८ रुपये ग्रॅम आणि ३६० रुपये किलो यांत स्वस्त कोणते, हे चटकन कळत नाही. पहिल्या आकड्याला हजाराने गुणावे. ३८० झाले, म्हणजे दुसरे स्वस्त.

दोन. तेल घेताना लिटर आणि किलो यांची गल्लत करू नये. तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. म्हणून १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा एकच नव्हेत. पहिल्यात साडेतेरा किलोंच्या आसपास तेल असते. पिशव्यांवरही कधी ९१० तर कधी ८७० ग्रॅम लिहिलेले आढळते. पिशवी तेवढीच दिसते, आकडा वेगळा असतो. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्याचेही असेच. किंमत वर्षानुवर्षे पाचच राहते आणि वजन उतरत जाते.

तीन. सुटे आणि पाकीटबंद यांतील फरक जाणून घ्यावा. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्य, डाळी, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. दुकानदाराने आपल्यासमोर मोजून दिलेल्या सुट्या मालाला तो लावलेला नाही. सुटा माल निवडावा लागतो हे खरे. ज्याच्या घरी निवडायला वेळ आणि हात आहेत, त्याला सुटा माल परवडतो.

चार. काटा पाहावा. विजेच्या काट्यावर माल ठेवण्यापूर्वी शून्य दिसले पाहिजे. मिठाई किंवा सुकामेवा खोक्यासकट मोजू देऊ नये. छापील किंमत ही सर्व करांसह कमाल किंमत असते. तिच्यापेक्षा जास्त मागणे बेकायदा आहे, कमी देणे मुळीच नाही. तक्रार असल्यास राज्याचा वैधमापन विभाग आहे आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

एकट्याने न जमणारे

एवढे सगळे करूनही रोज आणणाऱ्या घराची मूळ अडचण उरतेच. मोठे पाकीट स्वस्त आहे हे आईला माहीत होते. ते माझ्या वहीने शोधून काढले, असे मला उगाच वाटले होते. एका वेळी दीडशे रुपये तेलात घालायला तिच्याजवळ नसतात, एवढीच गोष्ट होती.

या अडचणीवर महाराष्ट्रातील लोकांनी पूर्वीच विचार केलेला आहे. मुंबईच्या कामगार वस्तीत १९४८ साली 'अपना बाजार' ही सहकारी ग्राहक संस्था उभी राहिली. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने आणखी वेगळी वाट काढली. काही कुटुंबांनी मिळून एक संघ करावयाचा, महिन्याची मागणी आधी नोंदवावयाची, पंचायतीने ती एकत्र खरेदी करावयाची आणि आलेला माल सभासदांनी आपसांत वाटून घ्यावयाचा. दुकान नाही, जाहिरात नाही. पावशेर घेणाऱ्यांनी एकत्र येऊन पोते घ्यावे, असाच त्याचा अर्थ.

हे सर्व मी घरी सांगितले तेव्हा मार्ग आईनेच काढला. आमच्या आळीत बायकांची भिशी चालतेच. आईने तीन शेजारणींना घेऊन किराणा भिशी सुरू केली. दर मंगळवारी चौघींनी शंभर शंभर रुपये टाकावयाचे आणि ते चारशे एकीने उचलावयाचे, तेही फक्त किराण्यासाठी. चारशेत लिटरच्या दोन तेलपिशव्या आणि पाव किलो चहा येतो, नऊ रुपये उरतात. डाळ चौघींची मिळून तालुक्याहून आणली जाते. ज्या बाईचे तालुक्याला दुसरे काम असेल, तिने पिशव्या आणावयाच्या. आठवड्याला शंभर रुपये बाजूला टाकणे मजुरीत बसते, आणि महिन्यातून एकदा पगारदारासारखे एकदम घेता येते.

गेल्या तीन महिन्यांचा हिशेब वहीत आहे. महिन्याला सरासरी १५० रुपये वाचले. माझ्या पहिल्या हिशेबातील २२७ कधीच आले नाहीत. एका महिन्यात भिशीचा हप्ता एकीला जमला नाही, तेव्हा बाकीच्यांनी तिला सांभाळून घेतले आणि त्या आठवड्यात पुन्हा बारक्या पिशव्या आल्या. तरी वर्षाचे १,८०० होतील, म्हणजे आईच्या मजुरीचे सहा दिवस.

माझे विद्यार्थी मित्र आणि मैत्रिणी यांना एवढीच विनंती आहे की त्यांनीही महिनाभर घरचा किराणा लिहून पाहावा. मात्र दर काढून झाल्यावर लगेच घरच्यांना उपदेश करू नये. आधी विचारावे, तुम्ही असे का घेता? आमच्या घरी ती वही आता बहीण लिहिते. आई रोज संध्याकाळी पिशवी रिकामी करताना आकडे सांगते, आणि भाव बदलला असेल तर वहीत पाहण्याआधी तीच सांगते.